रंध्याच्या पुढची प्रवरा

आषाढात रतनगड दिसत नाही. दिसतात त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेषा. ढग माथ्यावर टेकले की कातळाच्या भेगाभेगांतून पाणी सुटतं आणि त्या धारांची मिळून प्रवरा होते. पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आहे. त्याच्या शिळांवरून ओघळणारं पाणीही तिलाच मिळतं. भोवतालच्या खाचरांत आवणी चाललेली असते. चिखलात वाकलेल्या बायांचं बोलणं आणि ओढ्यांची खळखळ एकमेकांत मिसळून जाते.

भंडारदऱ्याला नदी थांबते. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण तिला अडवतं. धरणाखाली रंध्याच्या धबधब्यात मात्र ती पुन्हा उसळते. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर. मऊ थर झिजतो, कठीण थर तग धरून राहतो, आणि त्या कड्यावरून प्रवरा सुमारे १७० फूट खाली झेपावते. घळीतून तुषारांचे लोट वर येतात, अंग भिजतं, आणि तो नाद कानांपेक्षा छातीत अधिक घुमतो. तिथे उभं राहिलं की माझं सगळं बोलणं आपोआप सरतं.

बहुतेक जण इथूनच माघारी फिरतात. तेव्हा नदी त्यांना अर्धीच भेटलेली असते. पुढे अकोले गावी अगस्तींच्या आश्रमाजवळून ती जाते, संगमनेरात म्हाळुंगीला कवेत घेते, कालव्यांतून शेतांत शिरते. आवर्तन सुटलं की बांधाबांधावरची माणसं फुलून येतात. आणि नेवाशाला, जिथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे ती इतकी संथ वाहते की हेच पाणी कड्यावरून कोसळलं होतं यावर विश्वास बसू नये. तिथून थोडं पुढे प्रवरासंगमाला ती गोदावरीची होते.

या नदीला अमृतवाहिनी म्हणतात. ते नाव मला धबधब्यापेक्षा या पुढच्या वाटेवर अधिक पटतं. कोसळण्यात तिचं सामर्थ्य दिसतं. मोठेपण दिसतं ते ओंजळीओंजळीत वाटून जाण्यात. म्हणून रंध्याच्या काठी फेकलेली बाटली मला सहन होत नाही. ती नुसत्या सुंदर जागी पडलेली नसते, खालच्या सगळ्या गावांच्या पाण्यात पडलेली असते.