वाऱ्याला वर्गणी नसते

पावसाळा सरला की मुंबई बंदराचे रूप पालटते. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा सुसाट असतो, समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत सेलिंग क्लबांच्या लहान शिडाच्या होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. ऑक्टोबर लागला की ताडपत्र्या निघतात. होडीचा तळ खरवडायचा, भेगा बुजवायच्या, रंगाचा हात फिरवायचा, कुजलेले दोर बदलायचे, अशी कामे सुरू होतात. फलकावर नव्या हंगामाच्या शर्यतींचे वेळापत्रक लागते.

माझे ऑफिस फोर्टमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मी कधी कधी अपोलो बंदरापर्यंत चालत जातो. शाळेत आपण सर्वांनीच खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. ऑक्टोबरात ते डोळ्यांनी दिसतात. सकाळी पाणी जवळजवळ स्वस्थ असते. ऊन चढून जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि एकेक शीड फुगते.

आमच्या शेजारचे तात्या अशाच एका क्लबात तीस वर्षे खलाशी होते. साहेबांच्या होड्या सजवायच्या, पाण्यात ढकलायच्या आणि संध्याकाळी धुऊन पुन्हा जागेवर लावायच्या, हे त्यांचे काम. मी एकदा विचारले, "तात्या, वारा समोरून आला तर हो?" ते म्हणाले, "सरळ नाय जाता येत, बाबा. होडी तिरपी काढायची, मग वळवायची, पुन्हा तिरपी काढायची. वेळ लागतो, पण माणूस पोचतो." शर्यतीला पाच मिनिटे उरली की निशाण चढते. त्या पाच मिनिटांत होडी रेषेजवळ फिरवत राहायची, कारण होडीला ब्रेक नसतो. हेही त्यांनीच सांगितले.

तात्यांची नात आठवीत आहे. आमच्या अभ्यासिकेत येते. आजोबांच्या गोष्टी ऐकून तिने हट्ट धरला, "काका, मला पण शिकायचंय." मी आणि तात्या क्लबात चौकशीला गेलो. "शिबिर सभासदांच्या मुलांसाठी आहे," एवढेच उत्तर मिळाले. तात्या काही बोलले नाहीत. परतताना बसमध्ये एवढेच म्हणाले, "तीस वर्षं शिडं बांधली, घरातलं एक माणूस त्यात बसलं नाय."

बांधवांनो, ही गोष्ट आजची नाही. अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 साली स्थापन झाला. इंग्रजांच्या अमदानीत तिथे आपल्या देशातल्या माणसाला सभासद होता येत नव्हते. तो मज्जाव गेला. पण प्रवेश फी आणि ओळखीचा दरवाजा अनेक ठिकाणी अजून आहे.

मात्र हा खेळ मुळातच श्रीमंतांचा आहे असे समजू नका. जगभर लहान मुले ज्या होडीवर शिकतात तिचे नाव 'ऑप्टिमिस्ट'. लांबी आठ फुटांच्या आत, वजन 35 किलो, शीड एकच. 1947 साली अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती तयार केली. प्लायवूडच्या दोन पत्र्यांत बसावी आणि पन्नास डॉलरांच्या आत व्हावी, म्हणजे साध्या घरच्या पोरांनाही परवडेल, हा त्यामागचा हेतू होता.

आपल्या देशातही वाट निघाली आहे. 2009 साली स्थापन झालेला यॉट क्लब ऑफ हैदराबाद हुसेनसागर तलावावर सरकारी शाळांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलामुलींना घडवत आला आहे. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझाऊच्या आशियाई खेळांत, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने रौप्यपदक जिंकले. भोपाळला समुद्र नाही. तलाव होता आणि शिकवणारे होते.

तात्यांच्या सुनेची अडचण वेगळी होती. "पोहता येत नाय आणि होडीत बसायचं म्हणते!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या वस्तीत किती मुलींना पोहता येते? म्हणून अभ्यासिकेतल्या अकरा मुलामुलींचे अर्ज आम्ही महापालिकेच्या जलतरण तलावासाठी भरले. फॉर्म मी भरले, मुलांना नेण्याआणण्याचे काम तात्यांनी घेतले. आता तात्यांची नात न थांबता तलावाची एक लांबी पार करते आणि तिची आई काठावर उभी राहून मोजते.

क्लबाकडे आम्ही आता लेखी अर्ज दिला आहे. सुट्टीच्या दिवशी दोन होड्या वस्तीतल्या मुलांसाठी द्या, शिकवायला तात्या तयार आहेत, असे त्यात लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ.

माता-भगिनींनो, मुलगा असो वा मुलगी, आधी पोहायला शिकवा. मग जवळ तलाव, खाडी, धरण जे असेल तिथे शिकवणारे कोण आहे याची चौकशी करा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. होडीला, शिडाला पैसे पडतात, हे खरे. वाऱ्याला वर्गणी नसते.