उमेदवारी

चैत्र-वैशाखात मराठवाड्यातील शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. रब्बीची रास घरी आलेली असते, पाऊस दूर असतो, आणि गावोगावी देवळांपुढे मांडव पडतात. पाश्चात्य देशांतील उन्हाळी संगीतमहोत्सवांची वर्णने आपण सुशिक्षित लोक कौतुकाने वाचतो; परंतु छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्याने जाताना जे अखंड हरिनाम सप्ताह दिसतात, तेही उन्हाळी संगीतमहोत्सवच होत, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन; आणि सात दिवस वीणा म्हणून खाली ठेवावयाची नाही. तिकीट नाही. शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद मात्र आहे.

याच रस्त्यावरील बिडकीनचा माझा एक विद्यार्थी अशा सप्ताहांत पखवाज वाजवितो. यंदा तो रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला, आणि मजकडे आला तो प्रश्न घेऊनच. "सर, एम. एस्सी. करू, की कंपनीत लागू?" बिडकीनच्या मुलास हा प्रश्न पूर्वी इतक्या निकडीने पडत नसे. आता दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील वसाहत त्याच्या शिवारात आली आहे. 2024 साली टोयोटा किर्लोस्करने या जिल्ह्यात कारखाना काढण्याचा सामंजस्य करार राज्य सरकारशी केला, तेव्हापासून तर घरोघरी नोकऱ्यांचेच बेत चालतात. नोकरी दाराशी असता मुलाने आणखी दोन वर्षे शहरात खोलीभाडे का भरावे, हा त्याच्या वडिलांचा सवाल मला अडाणीपणाचा वाटत नाही.

जुन्या काळी शिक्षण आणि नोकरी यांच्या दरम्यान एक तिसरी अवस्था असे. तिचे नाव उमेदवारी. कचेरीत, छापखान्यात किंवा वकिलाच्या हाताखाली तरुण माणूस काही काळ उमेदवारी करी. वेतन नसे किंवा नाममात्र असे, पण शेजारी बसलेला जाणता मनुष्य त्याचे काम तपाशी. हा शब्द आता बहुधा निवडणुकीच्या दिवसांतच ऐकू येतो. 1961 च्या कायद्यात 'शिकाऊ उमेदवार' म्हणून तो टिकला आहे एवढेच.

सप्ताहात मात्र ती चीजच जिवंत आहे. हा मुलगा प्रथम मागच्या रांगेत टाळ घेऊन उभा राहिला. मग पखवाजाच्या धुमेस कणीक लावण्याचे काम त्याजकडे आले. पुढे हरिपाठास साथ. आणि कीर्तनास बसण्याची परवानगी तिसऱ्या वर्षी. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे, पण त्या अभ्यासाची कसोटी अखेर कीर्तनातच लागते. अमेरिकेतील टँगलवुड येथे कूसेविट्स्कीने 1940 च्या उन्हाळ्यात महोत्सवाला जोडून विद्यालय काढले, त्यातही हीच दृष्टी दिसते. पहिल्याच तुकडीत हार्वर्डचा पदवीधर लिओनार्ड बर्नस्टाइन होता, वय 21. त्याने वाद्यवृंद चालवावयाचा, आणि गुरूने जवळ राहून चुका सांगावयाच्या. यास शिक्षण म्हणावे की काम?

म्हणून मी त्या मुलास म्हटले, "पदवी मोठी की अनुभव मोठा हा वाद सोडून दे. तुझ्या शेजारी कोण असणार, हे पाहून ये." कीर्तनात ठेका चुकला तर कीर्तनकाराचीच पंचाईत होते, सबब पखवाज्यास शिकविण्यात त्याचा स्वार्थ आहे. ठेकेदारामार्फत भरलेल्या आणि काही महिन्यांत बदलावयाच्या कामगारास शिकविण्यात कोणाचा स्वार्थ असणार? तेथे एक वर्ष काढणे म्हणजे एकच दिवस तीनशे वेळा काढणे होय. विद्यापीठासही हाच प्रश्न विचारावा. जेथे अध्यापकाची जागाच रिकामी आणि उपकरणे कपाटात कुलुपबंद, तेथील दोन वर्षांची मातबरी मला तरी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यास बजावली. पगार सुरू झाल्यावर पुन्हा शिकावयास येणारे विद्यार्थी मी फार थोडे पाहिले आहेत. तेव्हा नोकरी धरावयाची तर किती काळ, हे आधी घरी ठरवावे.

तो दोन कारखान्यांत जाऊन आला. एका ठिकाणी त्यास सांगण्यात आले की काम सोपे आहे, दोन दिवसांत येईल. दुसरीकडे प्रयोगशाळेतील एका वयस्क केमिस्टने त्यास तासभर थांबविले, एक टायट्रेशन करावयास लावले, आणि ब्युरेट नीट न धुतल्याबद्दल चांगलेच फैलावर घेतले. तेथे पगार तीन हजारांनी कमी आहे.

मुलाचा कल स्पष्ट आहे: त्या म्हाताऱ्याजवळ दोन वर्षे, मग एम. एस्सी. वडील अद्याप राजी नाहीत. त्यांचे म्हणणे, ओरडून घेण्यासाठी तीन हजार कमी का घ्यावे? मी येत्या रविवारी त्यांस भेटावयास बिडकीनला जाणार आहे. तेही चाळीस वर्षे टाळकरी आहेत. बोलणे तेथूनच सुरू करावे म्हणतो.