न सांगता केलेले हित

बहुधा दरवर्षी सप्टेंबर महिन्यात, म्हणजे आपल्याकडे गणपतीची आरास मांडण्याची किंवा उतरवण्याची गडबड चाललेली असते त्या सुमारास, कॅलिफोर्नियातील ॲपल कंपनी आपला नवा आयफोन जगापुढे मांडते. मग आठ-पंधरा दिवस वर्तमानपत्रांस दुसरा विषय सुचत नाही. कॅमेरा किती सुधारला, रंग कोणते निघाले, किंमत कितीने चढली, यांची चर्चा घरोघर होते. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षातही त्यावरून दोन तट पडतात. आणि ज्यांच्या हातून तो फोन विकत घेतला जाण्याचा मुळीच संभव नाही त्यांची मते सर्वांत तीव्र असतात. हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. कारण त्या कंपनीचे एकही यंत्र आजवर आमच्या घरात आलेले नाही.

तथापि तिच्याविषयीची एक बातमी आमच्या मनात कायमचे घर करून राहिली आहे. ती नव्या फोनाची नसून जुन्या फोनांची आहे, आणि ती समजण्यासाठी वाचकांनी थोडी यंत्रविद्या सोसली पाहिजे. आम्ही शिकवतो साहित्य. तेव्हा ती फार लांबणार नाही, एवढे आश्वासन आम्ही देऊ शकतो.

फोनातील बॅटरी लिथियमची असते, आणि वापराने तिला वार्धक्य येते. वय झाले म्हणजे तिच्यात वीज कमी साठते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याबरोबर तिचा अंतर्गत विरोधही वाढतो. यंत्राने एकाएकी जोराची मागणी केली, की तिचा दाब खचतो, आणि आतील भागांस इजा होऊ नये म्हणून फोन आपण होऊन बंद पडतो. थंडीत हा प्रकार अधिक. काही आयफोन असे अवचित बंद पडू लागले, तेव्हा २०१७ च्या जानेवारीत ॲपलने त्यांच्या कार्यप्रणालीत एक सुधारणा पाठवली. बॅटरी थकलेली आढळली, की फोनाने गरजेपुरता आपला वेग आवरावा, अशी ती योजना होती. बंद पडण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले. मात्र आपल्या फोनाचा वेग आवरला जात आहे, ही गोष्ट मालकांस कोणी स्पष्टपणे सांगितली नाही.

त्यांनी मग काय समजावे? फोन रेंगाळतो आहे, त्या अर्थी तो जुना झाला. आता नवा घ्यावयास हवा, असेच कोणीही समजेल. डिसेंबरात एका ग्राहकाने केवळ बॅटरी बदलली, आणि त्याचा फोन पुनश्च पूर्वीसारखा धावू लागला. त्याने ते चारचौघांत सांगितले. पाठोपाठ, यंत्रांचा वेग मोजण्याचे साधन तयार करणारे जॉन पूल यांनी पुष्कळ फोनांची मोजमापे प्रसिद्ध करून तोच प्रकार दाखवून दिला. २० डिसेंबरला कंपनीने कबुली दिली. २८ तारखेस तिने जाहीर पत्र लिहून ग्राहकांची क्षमा मागितली, आणि ७९ डॉलरांना पडणारी नवी बॅटरी पुढील वर्षभर २९ डॉलरांत बसवून देण्याचे मान्य केले.

क्षमापत्राची ही बातमी आमच्या घरी सकाळच्या चहाबरोबर आली. चिरंजीव तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि त्या वयास शोभेल असाच त्यांस संताप आला. "ही शुद्ध फसवणूक आहे, बाबा! यांच्या हितासाठी, म्हणे! आणि ज्याचं हित, त्यालाच पत्ता नाही!" अशा प्रसंगी आम्ही त्यांच्या संतापात सूर मिसळावा असा आमच्या घरचा शिरस्ता होता. त्या दिवशी आम्ही कपात डोके घालून बसलो. समोर तीर्थरूप अण्णा बसले होते. चिरंजीवांनी तोंडातून काढलेला प्रत्येक शब्द आमच्या अंगावर येत होता, आणि तो का येत होता, हे त्या टेबलावर दोघांसच ठाऊक होते.

अण्णा हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वय एकोणऐंशी, पण भाजी, ग्रंथालय, बँक, सर्व फेऱ्या ते आपल्या जुन्या स्कूटरवरूनच करीत. त्या वर्षी उन्हाळ्यात एका चौकात त्यांस घेरी आली. कोणास लागले नाही, पण तो प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला. "अण्णा, आता स्कूटर पुरे," एवढे चार शब्द बोलण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. वर्गात शंभर मुलांपुढे तासभर अस्खलित बोलणारा माणूस बापापुढे चार शब्दांना अडतो, ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आम्ही दुसरी वाट काढली. गॅरेजातल्या मिस्त्रीस गाठून आम्ही स्कूटरच्या रेसची वायर अशी बांधून घेतली, की मूठ पुरती पिळली तरी गाडी तिशीच्या पुढे जाऊ नये. मिस्त्रीने विचारले, "आजोबांना सांगू का?" आम्ही म्हणालो, "नको. त्यांना उगीच वाईट वाटेल."

पंधरा दिवसांतच अण्णांस गाडीची चिंता लागली. "हिचा दम गेलाय रे," असे ते म्हणू लागले. त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुऊन घेतला. पुढे एका दुसऱ्या गॅरेजात इंजिन उघडून दुरुस्त करवले. पेन्शनीतले पैसे जात होते. आम्ही पाहत होतो आणि गप्प होतो. आमचा मिस्त्रीही गप्प होता. एकदा तर त्यांनी गाडीच्या बैठकीवरून हात फिरवीत, "तुझंही वय झालं म्हणायचं," असे म्हटलेले आम्ही ऐकले. आणि ते ऐकूनही आम्ही वर्तमानपत्राचे पान उलटले.

दिवाळीनंतर त्यांनी गाडी विकावयाचे ठरवले. गिऱ्हाईक आपला कारागीर घेऊन आले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि तो हसून म्हणाला, "आजोबा, गाडी ठणठणीत आहे. कुणीतरी वायर बांधून ठेवलीय." अण्णांनी गिऱ्हाइकास चहा पाजून परत पाठवले. आम्हांस मात्र ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी स्कूटर तशीच ठेवली, वायरही तशीच ठेवली, आणि रोज तिशीच्या वेगाने मंडईत जाऊन येऊ लागले. त्या मौनाला सव्वा महिना झाला होता.

तर त्या सकाळी चिरंजीवांचे व्याख्यान संपल्यावर अण्णांनी वर्तमानपत्र मागून घेतले, चष्मा चढवून बातमी शेवटपर्यंत वाचली, आणि शांतपणे म्हणाले, "हेतू वाईट नव्हता रे त्यांचा. फोन भर रस्त्यात बंद पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं." मग घडी घालताना म्हणाले, "आणि निदान त्यांनी माफी तरी मागितली."

चिरंजीवांस यातले काही उमगले नाही. आम्हांस मात्र पळावयास वाट उरली नाही. त्या दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन आम्ही क्षमा मागितली, आणि जाताजाता, "तुमच्याच काळजीने केलं, अण्णा," अशी पुस्तीही जोडली. ते म्हणाले, "काळजी कळली रे. पण सहा महिने मला वाटत होतं, गाडी म्हातारी झाली. झालो होतो मी. एवढंच सांगायचं होतंस. मी इंजिनाला दोष देत बसलो, आणि तू मला देऊ दिलास."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस बरोबर घेऊन मिस्त्रीकडून वायर मोकळी करून घेतली. पुढे महिनाभर त्यांनी ती गाडी मोकळ्या वेगाने चालवली. तो महिना आम्ही कसा काढला ते आमचे आम्हांस ठाऊक. संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी त्यांनी आपण होऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटले, "चौकात डावीकडचं दिसायला वेळ लागतो. विकून टाक."

पुढे त्या कंपनीच्या बातम्या आल्या, म्हणजे आम्ही त्या जरा निराळ्या डोळ्यांनी वाचीत असू. २०१८ च्या मार्च महिन्यात तिने फोनातच बॅटरीची प्रकृती दाखवण्याची सोय केली, आणि वेगाला घातलेला आवर काढून टाकावयाचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर सोपवले. २०१९ च्या प्रारंभी कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी विक्री अपेक्षेहून कमी होणार असल्याचे भागधारकांस कळवले, तेव्हा मुख्य भर चीनमधील मंदीवर असला, तरी स्वस्तात मिळालेल्या बॅटऱ्यांमुळे काही ग्राहकांनी जुनेच फोन ठेवले, हेही एक कारण त्यांनी दिले. म्हणजे खरे कळल्यावर लोकांनी आपल्या जुन्या यंत्रांस मोडीत काढले नाही. २०२० च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये कंपनीस अडीच कोटी युरो दंड झाला. तो वेग कमी केल्याबद्दल नव्हता. ग्राहकांस त्याची कल्पना न दिल्याबद्दल होता. त्याच वर्षी अमेरिकेतील दाव्यांत पन्नास कोटी डॉलरांपर्यंत भरपाई देण्याची तडजोड झाली. दोष मात्र कंपनीने मान्य केला नाही.

त्या फ्रेंच दंडाचा विचार आम्ही अनेकदा केला आहे. थकलेल्यास जपावे, त्याच्यावरचा भार उतरवावा, यात वावगे काहीच नाही. पण ज्याचा भार उतरवला त्याला ते न सांगितले, तर तो आपल्या थकव्याचे भलतेच कारण शोधीत बसतो. कोणी चांगला फोन टाकून नवा घेतो. कोणी धड इंजिन उघडून घेतो. आणि आपण ज्याला दया समजतो तीत निम्मा वाटा आपल्याच भित्रेपणाचा असतो. अण्णांस वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही, असे आम्ही मिस्त्रीस सांगितले होते. खरे पाहता, त्यांना वाईट वाटलेले आम्हांस पाहवले नसते.

अण्णा २०२१ मध्ये गेले. आम्हीही आता पन्नाशीच्या उतारावर आहो. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे, असे डॉक्टर म्हणतात. गेल्या महिन्यात चिरंजीव सुट्टीवर आले होते. रात्री जेवणानंतर बराच वेळ ते इकडचे तिकडचे बोलत राहिले, आणि शेवटी खाली मान घालून म्हणाले, "बाबा, रात्री तुम्ही गाडी चालवू नये असं मला वाटतं. समोरच्या दिव्यांनी तुम्ही बिचकता. ठरवायचं तुम्ही."

आम्हांस वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. पण ते वाटले तेव्हा किल्ली आमच्याच खिशात होती.