पालघरच्या पोटनिवडणुकीतील मतदारांचे गणित

पक्षाचा उमेदवार कोण असावा हे पक्षाच्या सामान्य मतदारांनी आधी मतदान करून ठरवायचे आणि मगच त्या उमेदवाराला मुख्य निवडणुकीत उतरवायचे, या अमेरिकी पद्धतीला प्रायमरी म्हणजे प्राथमिक निवडणूक असे म्हणतात. भारतात तिची जागा तिकिटाने घेतलेली आहे, आणि तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठींच्या हाती असल्यामुळे एकाच विचाराच्या दोन इच्छुकांपैकी कोण बरा, हा प्रश्न मतदारापर्यंत सहसा पोहोचतच नाही. मे २०१८ मध्ये पालघर लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मात्र राज्याच्या सत्तेत एकत्र असलेले भारतीय जनता पक्ष आणि शिवसेना हे दोन पक्ष परस्परांविरुद्ध उभे राहिले, त्यांच्या जोडीला आणखी तीन दखलपात्र पक्ष मैदानात होते, आणि जी निवड एखाद्या प्राथमिक फेरीत व्हायला हवी होती ती मुख्य मतदानातच करण्याची पाळी लोकांवर आली. बोईसर, तारापूर आणि पालघर या पट्ट्यात त्या महिन्यात जी चर्चा चालली, तिचा अनुभव प्रस्तुत लेखकाने तेथील एक मतदार म्हणून घेतलेला असून ती चर्चा रिकामटेकड्यांच्या गप्पांपेक्षा फार वेगळी होती, असे त्याचे ठाम मत आहे.

पोटनिवडणुकीचे कारण दुःखद होते. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचे ३० जानेवारी २०१८ रोजी निधन झाले. २०१४ मध्ये ते बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव यांच्यावर २,३९,५२० मतांच्या आघाडीने निवडून आलेले असल्यामुळे ही जागा त्यांच्या घरातच राहील असे अनेकांनी गृहीत धरले होते. परंतु मे महिन्याच्या सुरुवातीला वनगा कुटुंबाने शिवसेनेत प्रवेश केला, सेनेने चिंतामण वनगांचे पुत्र श्रीनिवास वनगा यांना उभे केले, आणि भाजपने काँग्रेसमधून आलेले माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना उमेदवारी दिली. बहुजन विकास आघाडीकडून पुन्हा बळीराम जाधव, काँग्रेसकडून अनेकदा खासदार राहिलेले दामोदर शिंगडा आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून किरण गहला असे एकूण सात जण रिंगणात होते. भाजपशी वर्षानुवर्षे बांधलेल्या मतदाराची अडचण अशी की त्याच्या पक्षाचे चिन्ह एका बाजूला गेले आणि त्याला ओळखीचे असलेले आडनाव दुसऱ्या बाजूला गेले.

हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, म्हणजे उमेदवार आदिवासीच असावा लागतो, पण मतदार मात्र सर्व समाजांचे असतात. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई या त्याच्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी पहिले चार राखीव आणि शेवटचे दोन खुले असून, डोंगरातल्या पाड्यांवरचा वारली, सातपाटी-दांडीचा मच्छीमार, तारापूर औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार, अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतला नोकरदार आणि नालासोपाऱ्याच्या चाळीतून रोज मुंबई गाठणारा प्रवासी हे सगळे एकाच खासदाराला मत देतात. यांतल्या एकाला दुसऱ्याच्या गावात काय हवा आहे हे कळायला लोकल गाडीखेरीज फारसा मार्ग नसतो, आणि २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागल्यामुळे ही गाडीच त्या मे महिन्यात जिल्ह्याची चावडी झाली होती.

सकाळच्या पाळीला बोईसरकडे निघालेल्या डब्यात, केळवे रोड मागे पडल्यावर, कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर पेनाने सहा उभे रकाने आखले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेका विधानसभा मतदारसंघाचे नाव घातले. आडव्या ओळींत त्यांनी उमेदवारांची नावे न लिहिता कमळ, धनुष्यबाण, शिट्टी, पंजा आणि विळा-हातोडा अशी चिन्हे लिहिली, कारण त्यांच्या मते पाड्यांवर माणसाआधी चिन्ह ओळखले जाते. वसई, नालासोपारा आणि बोईसर येथे तेव्हा बहुजन विकास आघाडीचे आमदार होते, डहाणू व विक्रमगडला भाजपचे आणि पालघरला सेनेचे. त्यामुळे प्रत्येक रकान्यात पहिला क्रमांक टाकणे त्यांना सोपे गेले, पण दुसरा कोण आणि किती मागे, यावर सगळा डबा भांडू लागला. समोरच्या तरुणाने विचारले, “काका, वनगा साहेबांकडे बघून लोक मुलाला मत देणार नाहीत का?” त्यावर काका म्हणाले, “देतील रे, पण बापाने जन्मभर कमळ लावलं आणि पोराच्या हातात धनुष्यबाण आहे. म्हातारी माणसं कमळच शोधणार.” खिडकीशी बसलेल्या एका बाईंनी, बहुधा शिक्षिका असाव्यात, तेवढ्यात मुद्दा काढला की शोधतील ते खरे, पण कमळासमोरचे नाव वनगांचे नाही हे त्यांना कोणीतरी सांगेलच. बोईसर आले तेव्हा तो समास आकड्यांनी भरला होता आणि बोईसरचाच रकाना अर्धा रिकामा होता.

तो रिकामा राहण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बोईसर विधानसभा मतदारसंघ पालघर तालुक्यातून वसई तालुक्याच्या काही भागापर्यंत पसरलेला असून त्यात औद्योगिक वसाहत, खेडी आणि पाडे एकत्र येतात. बोईसरच्या नाक्यांवर सर्वांत तावातावाने बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांची नावे उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातल्या मतदारयादीत असतात, त्यामुळे नाक्यावर दिसणारी हवा आणि मतपेटीत पडणारे मत यांचा मेळ बसत नाही. अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी ज्यांची गावे उठली त्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या विस्थापितांशी बोलले तर आणखीच निराळे ऐकू येई: निवडून कोण येणार यापेक्षा निवडून आल्यावर इकडे फिरकणार कोण, एवढीच त्यांची विचारणा असे.

प्रत्येक बाजूचा युक्तिवाद ठरलेला होता. शिट्टीचे समर्थक म्हणत की भांडणाऱ्या दोघांची मते फुटली की बहुजन विकास आघाडीचे नेते हितेंद्र ठाकूर यांची वसई-विरारमधली पक्की मते आपोआप वर येतील. धनुष्यबाणाचे लोक सहानुभूतीवर विसंबून होते. कमळाच्या बाजूने सत्तेचे बळ होते, आणि योगी आदित्यनाथ यांची वसई-विरार पट्ट्यात सभा झाल्यावर उत्तर भारतीय मतदार एकगठ्ठा येईल असा विश्वास बोलून दाखवला जाई. पंजाच्या जुन्या मतदारांचा सूर सर्वांत खिन्न होता, कारण ज्यांना त्यांनी कालपर्यंत काँग्रेसचे म्हणून मत दिले होते ते गावित समोरच्या बाजूला उभे होते. तलासरी-डहाणूच्या लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांचा पवित्रा मात्र इतरांहून वेगळा होता. १९४५-४७ च्या वारली उठावापासून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी बांधलेली ती परंपरा, आणि पोटनिवडणुकीच्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेला किसान लाँग मार्च त्यांच्या पाठीशी होता. आपला उमेदवार जिंकणार नाही हे ते उघड मान्य करत, आणि तरीही मत त्यालाच देणार असे सांगत.

या शेवटच्या भूमिकेमुळेच चर्चेतला मूळ प्रश्न पुढे येतो. आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कितीही कमी असोत, अशी पद्धत आहे, आणि तीत मतदाराला एकच खूण करता येते. जिंकण्याची शक्यता नसलेल्या उमेदवाराला दिलेले मत ‘वाया गेले’ असे म्हटले जाते, आणि ते वाया जाऊ नये म्हणून मतदार आपल्या पहिल्या पसंतीला बाजूला ठेवून, नको असलेल्याला पाडू शकेल अशा दुसऱ्या कोणाला मत देतो. पण कोण कोणाला पाडू शकतो हे कळण्यासाठी इतर लाखो लोक काय करणार याचा अंदाज बांधावा लागतो. डब्यातले ते रकाने हा असा अंदाज होता, आणि नियमांनी लादलेले हे काम सामान्य माणूस मनापासून करत होता.

अमेरिकेत गर्दीच्या प्राथमिक निवडणुकीतही हेच गणित चालते, परंतु तिथे ते सोडवायला वेळ मिळतो. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी वीसहून अधिक इच्छुक होते. आयोवा राज्यात ३ फेब्रुवारीला झालेल्या सभांमध्ये, म्हणजे जिथे लोक एका सभागृहात जमून उमेदवारनिहाय गट करून उभे राहत त्या बैठकींत, बहुतेक ठिकाणी १५ टक्के पाठिंबा न मिळालेल्या उमेदवाराच्या समर्थकांना दुसऱ्या गटात जाण्याची मुभा होती. पुढे मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत पीट बुटिजिज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेऊन जो बायडन यांना पाठिंबा दिला आणि विखुरलेली मते एकवटली. पालघरमध्ये दुसऱ्या पसंतीला अशी कोणतीच वाट नव्हती. याहून बोचणारी गोष्ट घराजवळचीच आहे. २०१८ मध्येच २५ जूनला, म्हणजे पोटनिवडणुकीनंतर महिन्याभराच्या आतच, कोकण पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेचा सदस्य निवडण्यासाठी पालघर जिल्ह्यातल्या नोंदणीकृत पदवीधरांनी मतदान केले, आणि तिथे मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती क्रमाने लिहिता येते. पदवी घेतलेल्याला दुसरी पसंती नोंदवता यावी आणि विक्रमगडच्या भातशेतकऱ्याला येऊ नये, याचे समाधानकारक कारण प्रस्तुत लेखकाला आजवर कोणाकडून मिळालेले नाही.

या गणिताने चर्चेतली बरीच जागा खाल्ली हे मात्र मान्य केले पाहिजे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जमीन जाणार होती, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाची मोजणी चालू होती, वाढवण बंदराला मच्छीमारांचा विरोध होता, आणि औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा वास नवापूरच्या किनाऱ्यावर रोजचाच होता. या प्रत्येक प्रश्नावर पाच उमेदवारांच्या भूमिका वेगवेगळ्या ताकदीच्या होत्या, पण ‘तो येणार का’ याचे उत्तर नकारार्थी आले की ‘तो काय करणार’ हे कोणी विचारत नसे. किनाऱ्यावर तर १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी लागणार असल्यामुळे मोसमातल्या अखेरच्या फेऱ्यांची घाई होती, आणि मतदानाला थांबायचे की समुद्रात जायचे हाच काहींपुढचा खरा पेच होता.

२८ मे रोजी मतदान झाले. मत कोणाला गेले याची चिठ्ठी काचेआड काही सेकंद दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे अनेक केंद्रांवर बंद पडली, उन्हात रांगा खोळंबल्या, काही जण परत गेले, आणि एकूण मतदान निम्म्याच्या थोडेच वर राहिले. ३१ मे रोजी निकाल लागला तेव्हा गावित यांना २,७२,७८२, वनगा यांना २,४३,२१०, जाधव यांना २,२२,८३८, गहला यांना ७१,८८७ आणि शिंगडा यांना ४७,७१४ मते होती. २९,५७२ मतांनी विजयी झालेल्या उमेदवाराला एक-तृतीयांशापेक्षाही कमी मतदारांची पसंती होती. त्यातही जाधव यांचा आकडा पाहण्यासारखा आहे: २००९ मध्ये याच मतदारसंघातून ते खासदार झाले तेव्हा त्यांना २,२३,२३४ मते होती. नऊ वर्षांच्या अंतराने चारशेहूनही कमी मतांचा फरक पडला, आणि पहिल्या खेपेला जी मते दिल्लीला घेऊन गेली त्याच मतांनी दुसऱ्या खेपेला तिसऱ्या क्रमांकावर बसवले. पुढच्या वर्षी, भाजप-सेना युती पुन्हा एक झाल्यावर, जाधव यांना ४,९१,५९६ मते मिळाली आणि तरी ते हरले. समोर कितीजण आणि कोण उभे आहेत हेच निकाल ठरवत असेल, तर ते कोण उभे करतो हा प्रश्न मतदानाइतकाच मोलाचा ठरतो.

तो प्रश्न लोकांपुढे ठेवण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार निवडले, त्यांत वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, मुख्य निवडणुकीत दोघेही पराभूत झाले, आणि प्रयोग तिथेच थांबला. ज्या लाटेत पक्षश्रेष्ठींनी निवडलेले उमेदवारही राज्यभर पडले, त्या लाटेतल्या पराभवावरून ही पद्धतच निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे आहे.

पालघरमध्ये त्यानंतर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या गावितांनी २०१८ मध्ये सेनेच्या उमेदवाराला हरवले तेच २०१९ मध्ये सेनेचे उमेदवार म्हणून लोकसभेवर गेले. श्रीनिवास वनगा त्याच वर्षी पालघरचे आमदार झाले. २०२४ मध्ये लोकसभेची उमेदवारी भाजपच्या हेमंत सवरा यांना मिळाली व ते निवडून आले, आणि विधानसभेला वनगा यांच्या जागी गावित यांनाच एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे तिकीट मिळून ते पालघरचे आमदार झाले. यांपैकी एकाही निर्णयाआधी कोणत्याही पक्षाने पालघर, बोईसर वा डहाणूतल्या आपल्या सदस्यांचे मतदान घेतले नाही. पुढची लोकसभा निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. तोवर जिल्ह्यातल्या प्रत्येक पक्षाच्या सदस्यांनी आपल्या तालुका समितीकडे लेखी मागणी करावी की तिकीट जाहीर होण्यापूर्वी इच्छुकांची नावे उघड करून त्यांवर सदस्यांचे गुप्त मतदान घेण्यात यावे.