निवटीला घरी पोचवा!

दोस्तांनो, नेरूळहून उरणला जाणाऱ्या लोकलमध्ये कधी बसलात, तर खिडकीची जागा पटकवा. गाडी पनवेलची खाडी ओलांडते तेव्हा खाली चिखल, खारफुटी आणि बगळे दिसतात. थोडं पुढे गेलं की उलव्याच्या उंच इमारती. गेल्या मे महिन्यात मी खारकोपर स्टेशनवर उतरलो आणि रिक्षाने गव्हाणला गेलो. पनवेल तालुक्यातलं हे गाव. माझी मावसबहीण तिथं राहते.

गव्हाणच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला ट्रेलरची वर्दळ. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर वाहणाऱ्या गाड्या या भागात धावू लागल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि खारकोपर ते उरण रेल्वे या दोन्हींचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. २१.८ किलोमीटरचा हा सेतू शिवडीहून निघतो आणि इथं जवळच जमिनीवर उतरतो. गव्हाण फाट्यावर ट्रेलरची रांग लागली की रस्ता ओलांडायला मोठी माणसंही दचकतात. म्हणून भाच्याला आणि भाचीला फाट्याकडे एकटं जायची सक्त मनाई!

दुपारी ऊन मी म्हणत होतं. भाचा मोबाईलवर एक जुना व्हिडिओ गेम खेळत होता. त्याचं नाव ‘फ्रॉगर’. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९८१ साली काढला. एका बेडकाला आधी गाड्यांनी भरलेला रस्ता आणि मग नदी ओलांडून पलीकडच्या पाच घरांपैकी एकात पोचवायचं. गंमत म्हणजे हा बेडूक पाण्यात पडला की मरतो!

तेवढ्यात मोबाईलची बॅटरी संपली आणि लाइटही गेली. दोघांची तोंडं उतरली. मी म्हटलं, “चला, आपण हा खेळ पुठ्ठ्यावर करू.”

“मामा, पुठ्ठ्यावर गाड्या कशा पळणार?” भाची म्हणाली.

प्रश्न बरोबर होता. पण अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने फ्रॉगरचा पटावरचा खेळ काढलाच होता. याच्या उलटही झालंय. पेंटोमिनो नावाच्या, तुकडे जुळवायच्या कोड्यावरून अलेक्सी पाजित्नोव्ह यांना १९८४ साली मॉस्कोत ‘टेट्रिस’ सुचला. म्हणजे टेबलावरून पडद्यावर आणि पडद्यावरून टेबलावर, खेळ दोन्हीकडे जातात.

आमचं बोलणं आजी ऐकत होत्या. बेडूक पाण्यात मरतो म्हटल्यावर त्या हसल्याच. “अरं, बेडूक कवा पान्यान बुरतो का? त्यापेक्षा निवटी घ्या!”

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा छोटा मासा. डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर टणाटण उड्या मारणारा. तो चिखलात बिळं करतो. पाण्याबाहेर ओल्या कातडीतूनही तो श्वास घेऊ शकतो, पण कातडी सुकली की संपलंच. आजी लहानपणी चिखलात उतरून बिळात हात घालून निवट्या पकडायच्या.

झालं! जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही आडवे पट्टे आखले. खाली सुरुवातीची पट्टी, वर रस्त्याचे चार पट्टे, मग बांध, मग चिखल आणि सगळ्यात वर पाच बिळं. प्रत्येक पट्ट्यात नऊ घरं. चिंचोके म्हणजे निवट्या. दोन घरं व्यापणारी काडेपेटी म्हणजे ट्रेलर, रस्त्याच्या प्रत्येक पट्ट्यावर दोन. पहिल्या आणि तिसऱ्या पट्ट्यातले ट्रेलर उजवीकडे जाणार, बाकीचे डावीकडे. कडेला बाहेर गेलेला ट्रेलर दुसऱ्या कडेने आत येतो.

आता गाड्या पळवायच्या कशा? आपल्या पाळीला निवटी एक घर सरकवायची किंवा जागीच ठेवायची. मग फासा टाकायचा. एक ते चार पडलं, तर त्या क्रमांकाच्या पट्ट्यातले ट्रेलर दोन घरं पुढे. पाच पडलं, तर चारही पट्टे हलतात. सहा पडलं की ट्रॅफिक जाम, कुणीच हलत नाही. ट्रेलर निवटीवरून गेला, तर ती पुन्हा सुरुवातीला.

व्हिडिओ गेममध्ये घड्याळ असतं. आमचं घड्याळ म्हणजे ओलावा. प्रत्येकाला ज्वारीचे दाणे दिले आणि चिखल गाठेपर्यंत दर पाळीला एक दाणा परत घेतला. दाणे संपले की निवटी सुकली, पुन्हा सुरुवात! चिखल सहाव्या पाळीला येतो. सहाच दाणे दिले, तर एकदाही थांबता येत नव्हतं. दहा दिले, तर भीतीच वाटेना. शेवटी आठ ठरले.

दुसऱ्या दिवशी भाच्याने नवा नियम काढला. सहा पडला की जाम होतो, पण भरावाचा डंपर येतो आणि एका रिकाम्या बिळावर खडा ठेवायचा. बंदर, उलवे, विमानतळ यांसाठी खाडीकाठी पडलेला भराव त्याने ऐकलेला, पाहिलेला. आम्ही तिघं खेळलो. भाच्याची निवटी सगळ्यांत आधी पोचली आणि तो जिंकला. भाचीची पोचली, तेव्हा एकही बीळ उघडं नव्हतं.

“मग ही कुठं जाणार?” तिने विचारलं. भाचा गप्प. आजीही काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी भाचीनेच नियम बदलला. पहिला येईल तो जिंकला, असं नाही. सगळ्या निवट्या घरी पोचल्या, तरच सगळे जिंकले. जो पोचेल त्याने आधी एक खडा उचलून बाहेर टाकायचा आणि मग बिळात बसायचं. पुढचा डाव आम्ही हरलो. त्याच्या पुढचा जिंकलो, आणि आजींनी टाळ्या वाजवल्या!

खेळात खडा उचलून टाकता येतो. खाडीत पडलेला भराव असा उचलता येत नाही, हे दोघांनाही कळत होतं. निघताना भाचा म्हणाला, “मामा, पुढच्या वेळी आजीबरोबर खरी बिळं बघायला जाऊ.”

दोस्तांनो, तुम्हीही असा पट आखून बघा. तुमच्या गावातून रस्ता कुणाला ओलांडायचाय? खेकड्याला, खारीला, की शाळेत निघालेल्या तुम्हालाच? नियम तुम्ही ठरवा. आणि एखादा नियम खेळताना बोचला, तर तो बदलायला लाजू नका!