सावरीच्या गावची गादी

मदुराईहून पश्चिमेस जाणारी आगगाडी उसिलमपट्टी, आंडिपट्टी आणि तेनी ही स्थानके मागे टाकून सुमारे ९० किलोमीटरांवर बोडिनायकनूर येथे विसावते. त्यापुढे रूळ नाहीत. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रांगा आहेत. १९२८ साली सुरू झालेला हा लोहमार्ग रुंदीकरणासाठी २०१०च्या अखेरीस बंद झाला आणि जून २०२३मध्ये गाडी पुन्हा बोडीपर्यंत येऊ लागली. वेलदोड्याची पेठ म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. परंतु वाचकहो, आपल्या घरी लग्नकार्य ठरले असेल आणि नवदांपत्यासाठी गादी करवून घ्यावयाची असेल, तर वेलदोडा क्षणभर बाजूस ठेवून येथील झाडांकडे पाहावे.

ही पांढरी सावर. तमिळ भाषेत तिला 'इलवम्' म्हणतात. आपल्याकडे फाल्गुनात लाल फुलांनी बहरणारी काटेसावर ही हिचीच चुलत बहीण होय. इंग्रजीत हिच्या कापसाला 'सिल्क कॉटन' असे नाव आहे. एका अनुवादात त्याचे 'रेशीम व कापूस' असे दोन जिन्नस झालेले पाहून आमच्या कचेरीत बराच हशा पिकला होता. उन्हाळ्यात हिची बोंडे वाळून उकलतात व आतून रेशमासारखा चकाकणारा तंतू बाहेर पडतो. फळ पिकेल या आशेने बसलेल्या पोपटाच्या वाट्याला शेवटी नुसता कापूस येतो, म्हणून व्यर्थ वाट पाहणाऱ्यास तमिळ लोक 'इलवु कात्त किळी', म्हणजे सावर राखणारा पोपट, असे म्हणतात.

पोपटाच्या निरुपयोगी असलेला हा तंतू मनुष्याच्या मात्र फार उपयोगी पडतो. शेतातल्या कापसाप्रमाणे तो बीला चिकटून वाढत नाही, बोंडाच्या आतल्या भिंतीवर वाढतो; त्यामुळे नुसते ढवळले तरी सरकी निराळी होते. तंतू आतून पोकळ, हवेने भरलेला आणि वरून मेणचट असतो. पाणी त्यात सहसा शिरत नाही. आपल्या वजनाच्या तीसपट भार तो पाण्यावर तोलू शकतो, म्हणूनच एके काळी बोटीवरील जीवरक्षक जाकिटांत तो भरीत असत. मात्र तो गुळगुळीत व ठिसूळ असल्यामुळे त्याचे सूत निघत नाही. गादी आणि उशी हेच त्याचे खरे घर.

येथील एका दुकानात घडलेला प्रसंग सोबतच्या तमिळ सहकाऱ्याने मला उलगडून सांगितला. मुलीच्या लग्नासाठी वडील सहा फूट रुंदीची एकच गादी करावयास सांगत होते. वृद्ध दुकानदाराने मुलीला विचारले, "अम्मा, तुझं नवं घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"आणि गच्ची?"

"पाचव्या मजल्यावर."

"मग ही उन्हात कोण नेणार?"

त्याने तीन-तीन फुटांच्या दोन गाद्या सुचविल्या. वडिलांचा चेहरा उतरला. लग्नाच्या आहेरात दोन वेगळ्या गाद्या! लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. म्हातारा म्हणाला, "अय्या, वरून एकच खोळ शिवून देतो. लोकांना एकच दिसेल." मुलगी इतका वेळ गप्प होती. मग तिने शांतपणे सांगितले की, नियोजित वर तिच्या दीडपट वजनाचा आहे, आणि मावशीच्या घरी मोठ्या गादीच्या मधल्या खळग्यात मावशी रात्रभर घरंगळते, हे तिने पाहिले आहे. दोन गाद्या ठरल्या.

मला हा निर्णय सर्वस्वी योग्य वाटतो. सावरीचा कापूस मऊ असतो आणि भाराखाली दबतो. जड माणसाच्या बाजूस लवकर दबतो. गाद्या दोन असल्या की प्रत्येकाची भरण त्याच्या अंगाप्रमाणे कमी-अधिक ठेवता येते. पाठदुखी असणाऱ्याने खाली काथ्याची पातळ गादी घालावी. एकट्या सावरीवर विसंबू नये.

घेताना गादी डोळ्यांदेखत भरून घ्यावी. मूठभर कापूस दाबून सोडावा, तो फुलून आला पाहिजे. चिमूटभर पाण्यात टाकावा. सावर तरंगत राहते. आतील कापड घट्ट विणीचे हवे, नाही तर बारीक तंतू बाहेर येतात. कापूस एका टोकाला सरकू नये म्हणून टाके जवळजवळ घालावयास सांगावे.

पुढची निगा मात्र घरच्यांनीच राखावयाची असते. पंधरा दिवसांनी गादी उलटावी, डोक्याकडची बाजू पायांकडे करावी. सकाळच्या उन्हात काही तास ठेवून हलक्या हाताने थोपटली की दबलेला कापूस पुन्हा उमलतो. जोराने बडविल्यास तो मोडतो. गादी कधीही धुऊ नये. वरची खोळ वरचेवर धुवावी. ओल्या फरशीवर अंथरण्यापेक्षा फटी असलेल्या फळ्यांच्या पलंगावर घालावी, म्हणजे खालून वारा लागतो. कोकणात आषाढ-श्रावणात ऊन मिळत नाही, तेव्हा उघडिपीचा तासभरही दवडू नये. उदबत्ती, काडेपेटी व विडी यांना गादीपासून दूर ठेवावे. हा कापूस भडकन पेटतो.

साध्या कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पुनःपुन्हा पिंजून घेता येते. सावरीची सोय तशी नाही. काही वर्षांनी तंतूचा भुगा होऊ लागतो, थोपटताना धूळ उडते. घरात कोणास दमा असेल तर त्या दिवसाची वाट न पाहता भरण बदलावी. कापड धड असल्यास तेच पुन्हा वापरता येते.

बोडीस जावयाचे झाल्यास उन्हाळ्यात जावे. तेव्हा नवा कापूस पाहावयास मिळतो. गादी मालवाहतुकीनेच पाठवावी लागते. उशा मात्र गाडीतून सहज नेता येतात. दोन उशांचे वजन हाताला जाणवतही नाही.