जामीनदार

आमच्या उमरोळीत सोयरीक जुळवताना मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. ‘मुलगा पर्मनंट आहे ना?’ हा असतो. उत्तर ‘हो’ आलं की बोलणी पुढे सरकतात. मुलगा गॅरेज चालवतो, फॅब्रिकेशनची कामं घेतो, पाण्याचे जार पुरवतो असं कळलं की पाहुणे एकमेकांकडे बघतात. तो पर्मनंटवाल्याच्या दुप्पट कमवत असेलही, पण ‘आज आहे, उद्या नाही’ एवढ्या चार शब्दांत त्याचा निकाल लागतो.

हा निकाल अडाणीपणातून आलेला नाही. पालघर आणि बोईसरच्या मधलं आमचं गाव. भातशेती, गवत, भाजी आणि पलीकडे किनाऱ्यावर मासेमारी यांवर हा सगळा पट्टा जगायचा. पाऊस फिरला की वर्ष फिरलं, होडी रिकामी आली की चूल अडली. १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ एमआयडीसी आली, आणि ठरलेल्या तारखेला पैसे मिळतात हा अनुभव इथल्या घरांना पहिल्यांदा आला. कॉलनीतली क्वार्टर, शाळा, दवाखाना, निवृत्तीनंतरची रक्कम. ज्याच्या आजोबांनी जन्मभर आभाळाकडे बघत दिवस काढले, त्याला पगार म्हणजे श्रीमंती वाटली नाही, सुटका वाटली. केंद्राच्या विस्तारात पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, तेव्हा त्या लोकांनी घरजमिनीच्या मोबदल्याबरोबर नोकऱ्याही मागितल्या. त्यांना कोण दोष देईल?

गंमत अशी की ज्या पर्मनंटपणावर एवढा मान उभा राहिला, तोच आता आटत चालला आहे. सकाळच्या गाडीने बोईसरला उतरणाऱ्यांत ठेकेदाराकडे हजेरीवर असलेले कितीतरी असतात. तरी गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा असला की डब्यात बसायला सरकून जागा मिळते. पट्टा कंपनीचा की ठेकेदाराचा, हे कोणी वाचत नाही.

पैसा किती यापेक्षा तो कुठून आला, यावर आमच्याकडे माणसाची पायरी ठरते. पगाराचा पैसा स्वच्छ, कारण त्याची स्लिप असते. जमिनीच्या मोबदल्याचा पैसा फुकटचा. बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, सगळे याच जिल्ह्यातून निघाले. त्यात जमीन गेलेल्याने दारात गाडी उभी केली की गाव म्हणतं, ‘बापजाद्यांची जमीन उडवली.’ हाच पैसा त्याने बँकेत ठेवला असता तर ‘अक्कल नाही, नुसता धरून बसलाय’ म्हणाले असते. आणि धंद्याचा पैसा? तो कसा आला असेल, याबद्दल प्रत्येकाकडे एक तर्क तयार असतो. कष्टाने आला असेल, हा तर्क सगळ्यांत शेवटी येतो.

माझ्या चुलतभावाने बोईसरला भाड्याचा गाळा घेऊन लेथ आणि वेल्डिंगची मशीन टाकली. जॉबवर्क हातात होतं, ऑर्डरचे कागद होते. त्याला हवं होतं दुसऱ्या मशीनसाठी कर्ज. छोट्या धंद्याला विनातारण कर्ज देणारी मुद्रा योजना एप्रिल २०१५ पासून आहे. बँकेच्या भिंतीवर तिचं पोस्टरही होतं. पोस्टरखाली बसलेल्या साहेबांनी विचारलं, ‘जामीनदार कोण? नोकरीवाला आणा.’ शेवटी माझे वडील गेले. ते एका कंपनीत ऑपरेटर, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. चार कामगारांचा पगार करणाऱ्या माणसाची सही चालली नाही. त्याच्यासाठी दुसऱ्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाची सही लागली. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘त्याच्याकडे मशीन आहे, माझ्याकडे फक्त स्लिप. पण मला त्यांनी खुर्ची दिली रे.’

त्या खुर्चीचा मी पुष्कळ विचार केला. प्रतिष्ठा म्हणजे लग्नपंगतीतला मान, सत्काराची शाल, एवढंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती भांडवल असते. ज्याला समाज मानतो त्याला कर्ज मिळतं, उधारी मिळते, भाड्याने गाळा मिळतो, मुलगी मिळते. ज्याला मानत नाही त्याला हे सगळं महाग पडतं किंवा मिळतच नाही. मग त्याचा धंदा बुडतो आणि आपण म्हणतो, ‘बघा, सांगितलं होतं.’ आपणच आधी अविश्वास दाखवायचा आणि त्याचा परिणाम पुरावा म्हणून पुढे करायचा, असं हे चालतं.

जातीचा आणि वर्गाचा हिशेब यात खोलवर मिसळलेला असतो. खात्यापित्या घरातल्या मुलाचा उद्योग बसला तर ‘अनुभव मिळाला’ म्हणतात आणि तो दुसरा सुरू करतो. हातावर पोट असलेल्या घरातला मुलगा बुडाला तर त्याला ‘पायरी ओळखून राहावं’ असं ऐकवलं जातं, आणि त्याच्या धाकट्या भावाचीही वाट बंद होते. दोघांनी घेतलेली जोखीम तीच, पण पडल्यावर झेलणारे हात एकाच्याच मागे आहेत.

सातपाटीच्या बंदरावर पहाटे लिलावात मासळी घेणारी मांगेलीण बघा. मालाचे पैसे उसने किंवा उधारीचे. बर्फ आणि टेम्पोचं भाडं डोक्यावर. ऊन चढायच्या आत माल खपला नाही तर भाव निम्म्यावर येणार. कोणत्या गल्लीत बोंबील चालतात, कुठे पापलेटाला गिऱ्हाईक आहे, कोण रोख देतं, कोणाचं महिन्याने येतं, हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात. खरेदी, साठा, भाव, उधारी, वसुली: व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात ते सगळं ती रोज करते, नाशवंत मालावर करते, आणि उमरोळीच्या नव्या टॉवरमधलं गिऱ्हाईक तिला ‘ए मावशी, लावून दे ना’ म्हणतं. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून स्टेशनाजवळ वाढलेल्या या वस्तीत टीव्हीवर उद्योजकांचे कार्यक्रम आवडीने बघितले जातात. पडद्यावर गुंतवणूकदारांपुढे उभ्या राहिलेल्या तरुणासाठी टाळ्या वाजवणारे हात खाली येऊन मावशीकडून दहा रुपये सोडवून घेतात.

यशस्वी उद्योजकाला मराठी समाज मानत नाही, असं मात्र नाही. किर्लोस्करांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात आठवावी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला सायकलचं दुकान काढणारा माणूस तेव्हाच्या पाहुण्यांना कसा वाटला असेल? त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेत नव्हते. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले, त्यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधकरांचं मोठेपण इथे आहे. त्यांनी यश दिसल्यावर हार घातला नाही. माळावर निवडुंग होतं तेव्हा विश्वास टाकला.

कॅम्लिनचं नावही तसंच अभिमानाचं. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईच्या धंद्याला हात घातला, आणि पुढे या कंपनीचा एक कारखाना आमच्या तारापूर एमआयडीसीतही आला. इथल्या पोरांच्या दप्तरात त्यांची कंपासपेटी असायची. त्या पोरांना आम्ही काय सांगितलं? ‘अभ्यास कर, तिथे चिकटशील.’ असं काहीतरी तूही काढ, असं सांगितल्याचं मला माझ्या घरात तरी आठवत नाही. कारखाना दिसत होता, तो काढणारा माणूस आमच्या नजरेत भरत नव्हता.

धंदेवाले सगळे साधू, असा माझा दावा नाही. नाल्यात रसायन सोडणारा, कामगाराचा पीएफ बुडवणारा मालक याच औद्योगिक पट्ट्यात भेटतो, आणि आलिशान गाडीतून उतरला की त्याला ‘शेठ’ म्हणून वाकून नमस्कारही मिळतो. माझी तक्रार हीच आहे. सचोटीने गाळा चालवणाऱ्यावर आपण उगाच संशय घेतो आणि गाडीची लांबी वाढली की नको त्याला माफ करतो. दोन्ही वेळा काम कोणी नीट बघत नाही.

माझा तो चुलतभाऊ आजही महिन्यातून चार वेळा कुठल्या ना कुठल्या पर्चेस खात्याबाहेरच्या बाकावर बसतो. बावीस वर्षांचा क्लार्क आत शिरला की हा पन्नाशीचा मालक उठून उभा राहतो, कारण बिल अडकलेलं असतं. नोंदणीकृत लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, नाहीतर व्याज द्यावं, असा कायदा २००६ पासून आहे. पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल म्हणून तो गप्प बसतो. कायद्याने दिलेला हक्क वापरायलाही समाजात थोडी पत असावी लागते.

छोट्या व्यावसायिकाला सत्कार, पुरस्कार, भाषणातलं कौतुक नको आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी बँकेत असेल, कंपनीच्या हिशेब खात्यात असेल, किंवा घराची ग्रिल करून घेऊन ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालेला असेल, तर त्याला एवढंच सांगणं आहे: त्या छोट्या व्यावसायिकाचं बिल आज चुकतं करा. मान द्यायचा की नाही, ते मग सावकाश ठरवा.